फायरमन सातव्या खेपेलाही चालत गेला

पेलोकूम, डेव्हन
मंगळवार, ३ एप्रिल १९६२

तीर्थस्वरूप अँब्रोझदाजी यांस,

विल्फचा टोपी काढून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? हेस्टरताईचा खोकला समुद्राच्या हवेनं कमी झाला का? (तिनं कमी झाला असं लिहिलंय, पण एकाच पत्रात तीनदा लिहिलंय, म्हणून विचारतो.) म्युरिएल बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, माझी कंबर होती तशीच आहे. नाताळात तुम्ही दोघं आला नाहीत त्याबद्दल आमच्या मनात काही नाही. म्युरिएलच्या मनात थोडं आहे, कारण तिनं चार माणसांचा हंस भाजला होता आणि तो आम्ही दोघं नवीन वर्ष उजाडेपर्यंत खात होतो. पण बसनं येताना खिडकीतून आपले रूळ दिसतात म्हणून तुम्ही येत नाही, हे तिला कळतं. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ अजून भिंतीकडेच तोंड करून आहे का, तेही कळवा. एकतीस वर्षं एका सिग्नल-केबिनमध्ये बसून ज्यानं एकही गाडी मिनिटभर उगाच अडवली नाही, त्याला दिवसाला आठ मिनिटं मागे पडणारं घड्याळ द्यायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

रेल्वेचं नाव निघालं की तुम्ही पत्र शेगडीत टाकता, असं ताईनं कळवलंय. म्हणून आधीच सांगतो की हे पत्र सिनेमाबद्दल आहे. रेल्वे त्यात मधूनमधून येते, त्याला माझा इलाज नाही, कारण सिनेमाच गाडीवरच्या दरोड्याचा आहे.

झालंय असं. लंडनची एक छोटी कंपनी आपल्या बंद झालेल्या रेल्वेफाट्यावर दरोड्याचा सिनेमा काढते आहे. मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आधी, लोक खुर्च्या शोधत असतात आणि आइसक्रीम घेत असतात तेव्हा जो दाखवतात, त्या जातीचा. सगळा सिनेमा तेरा दिवसांत उरकायचा. आपल्या रेल्वेनं त्यांना एक इंजिन आणि दोन डबे दिलेत, आणि या रुळांची नस माहीत असलेली माणसं म्हणून मला आणि रेज लस्कमला मोठ्या लाइनीवरून बोलावून घेतलंय. म्हणजे सहा महिन्यांनी मी पुन्हा त्याच इंजिनावर, आणि रेज पुन्हा माझ्या शेजारी कोळसा ओढतोय. (रेज आता त्रेचाळीस वर्षांचा आहे, पण तुम्ही अजून त्याला 'तो नवा फायरमन' म्हणता हे मी त्याला सांगितलं. त्याला बरं वाटलं.) गुरुवारी संध्याकाळी पाचला इंजिन परत जाणार. पुढच्या सोमवारपासून रूळ उचलायला माणसं येणार. तेव्हा जे काही चित्रात यायचं आहे ते गुरुवारपर्यंतच.

हे मुद्दाम लिहितोय, कारण काल दुपारी लंडनहून कंपनीच्या मालकाचा फोन आला होता. गुरुवारपर्यंत दरोडा झाला नाही तर तो म्हणे कपाटातला एक जुना तुकडा काढून चिकटवणार आहे. त्या तुकड्यात कुठली गाडी आहे माहीत आहे? उत्तरेकडची. काळं इंजिन, हात वर गेला की रस्ता मोकळा असे उलटे सिग्नल, मागे उघडेबोडके डोंगर. लोक तिलाच पेलोकूमची गाडी समजतील. ज्या लाइनीचे रूळ सोमवारी उचलले जाणार, तिचं एकुलतं एक चित्रही दुसऱ्या लाइनीचं निघणार. हे ऐकल्यावर मी दुपारचा चहा अर्धा टाकला, यावरून काय ते समजा.

आता या माणसांबद्दल. दाजी, मी पहिल्या दिवशी त्यांना हसलो, हे कबूल करतो. डबे दोन, पण रंग लावलाय तो एकाच बाजूला, कॅमेऱ्याच्या. दुसऱ्या बाजूला आपली जुनी धूळ जशीच्या तशी. दरोडेखोर कथेत दहा आहेत आणि प्रत्यक्षात पाच. तेच पाच डब्यामागून वळसा घालून टोप्या बदलून परत येतात. पोलिसाचा गणवेश एकच असल्यामुळे पेलोकूममध्ये कोणत्याही वेळी एकच पोलीस असतो. टपालाच्या थैल्यांत चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून उरलेले कपडे भरलेत. (काल एक थैली फुटली आणि दरोडेखोराच्या हातात मिसेस हॉकिंगचा गुलाबी गाऊन आला. ती बघायला उभीच होती. तिनं तो ओळखला आणि इतरांनीही.) पण दुसऱ्या दिवसापर्यंत माझं हसू गेलं. दिग्दर्शक ऑकेन्डन म्हणून आहे, बारीक, चाळिशीचा, सतत पेपरमिंट चघळणारा. काल तो दिवसभर वाऱ्यात नुसत्या स्वेटरवर उभा होता, कारण त्याचा ओव्हरकोट मुख्य दरोडेखोराच्या अंगात होता आणि कंपनीकडे दुसरा नाही. कॅमेरावाला दोन रुळांच्या मधे उताणा पडून माझं इंजिन स्वतःकडे येताना बघत होता, आणि उठून म्हणतो काय, "अजून थोडं जवळ आणता येईल का?" इतक्या कमी सामानात इतकं मन लावून काम करणारी माणसं मी फक्त आपल्या फाट्यावर पाहिली होती. मला ती आवडली आहेत, हे सरळच लिहून टाकतो.

आणि त्यांचा एक आख्खा दिवस आम्ही खाल्ला.

दरोडा कथेत असा आहे. दरोडेखोर रुळांशेजारी खोटा सिग्नल उभा करतात, गाडी थांबते, ते इंजिनावर चढतात, फायरमनला डोक्यात मारून पाडतात, ड्रायव्हरच्या मानेला पिस्तूल लावतात आणि गाडी अर्धा मैल पुढे पुलापर्यंत न्यायला लावतात. तिथे त्यांची मोटार. कागदावर हे दीड पान आहे. ऑकेन्डन सोमवारी सकाळी नऊला म्हणाला की हे साडेदहापर्यंत होईल.

पहिल्या खेपेला मी थांबलोच नाही. सिग्नल प्लायवूडचा होता आणि लंडनच्या सुतारानं त्याचा हात एकाच खिळ्यावर टांगला होता. मी वळणावरून आलो तेव्हा हात अगदी आडवा, पण इंजिनाच्या धक्क्यानं जमीन हलली तशी तो हळूच खाली झुकला. आपल्या लाइनीवर हात खाली म्हणजे रस्ता मोकळा. तेव्हा मी शिट्टी दिली आणि पुढे गेलो. नेटलच्या खाजऱ्या झुडपात पाच माणसं तोंडावर बायकी मोजे ओढून उभी होती, ती हात हलवत राहिली. मला वाटलं निरोप देतायत. मीही हात हलवला. थांबलो तो पुढच्या विदीब्रिजच्या फलाटावर, अडीच मैलांवर, नेहमीच्या जागी.

त्यानंतर सुतारानं रागानं त्या हाताला सहा इंची चार खिळे मारले. दुसऱ्या खेपेला हात आडवा, लाल, जागचा हलेना. मी थांबलो. दरोडेखोर झुडपातून निघाले. बिचारे गुडघ्यांवर सरपटत येत होते, कारण ऑकेन्डननं सांगितलं होतं की घाई करू नका, लोकांच्या पोटात गोळा आला पाहिजे. आता तुम्हाला सांगायला नको, पण ताई वाचत असेल म्हणून लिहितो: लाल सिग्नलला गाडी तीन मिनिटं अडून राहिली, तर फायरमननं उतरून चालत केबिनवर जायचं, आमची गाडी इथे उभी आहे असं केबिनमनला सांगायचं, नोंदवहीत सही करायची आणि परत यायचं. केबिनमन विसरला आणि त्यानं मागची गाडी सोडली तर दोनशे माणसं मरतील, म्हणून. तर ते सरपटत असताना तीन मिनिटं झाली. रेजनं हात पुसले, टोपी नीट केली आणि उजव्या बाजूनं उतरला. दरोडेखोर डाव्या बाजूनं चढले. फायरमन नाही.

ऑकेन्डन धावत आला. "टॅपस्कॉट, तुमचा माणूस कुठे चाललाय?"

"केबिनवर," मी म्हणालो.

"तिथे कुणी आहे?"

"नाही. ऑक्टोबरपासून बंद आहे."

"मग?"

"सिग्नल लाल आहे, साहेब."

तो सिग्नलकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग लांब जाणाऱ्या रेजच्या पाठीकडे. केबिन तिथून अर्धा मैल. जायला बारा मिनिटं, यायला बारा. रेज परत आला तेव्हा त्याला स्वतःलाच लाज वाटत होती. म्हणाला, "मला माहीत होतं की पडायचं आहे, विल्फभाऊ. पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं."

मी त्याला काय बोलणार? माझेही पाय तुमच्याच हातचे आहेत. एकोणीसशे बत्तीसच्या जानेवारीतली ती गोष्ट तुम्हाला आठवते? मी कोवळा फायरमन, बर्फ पडत होतं, गाडी तुमच्या सिग्नलला उभी, आणि मी भट्टीपाशी ऊब घेत बसून राहिलो. तुम्ही स्वतः कंदील घेऊन गुडघाभर बर्फातून खाली आलात. ओरडला नाहीत. नुसतं म्हणालात, "चल." मला अर्धा मैल वर नेलंत, सही करायला लावलीत, गरम कोको पाजलात आणि परत पाठवलंत. त्या दिवसापासून लाल दिसला की माझा फायरमन उतरतो. (आणि त्याच कोकोच्या वेळी तुम्ही विचारलंत की तुझी मोठी बहीण रविवारी कुठे असते. त्यामुळे त्या बर्फाचे परिणाम बरेच लांबवर गेले.)

तिसऱ्या खेपेला ऑकेन्डनला धुकं हवं होतं. तेलकट चिंध्या पेटवून त्यांनी इतका धूर केला की गायी रस्ता सोडून पळाल्या. त्याचा हिशेब असा की धुक्यात कुणाला काही दिसणार नाही, म्हणजे रेज घोटाळणार नाही. पण धुक्यात नियम आणखी कडक. धुक्यात तीन मिनिटं थांबायचं नसतं, गाडी उभी राहताक्षणी निघायचं. गाडी पुरती थांबायच्या आत रेज खाली. दरोडेखोर अजून मोजे ओढत होते. आणि गाडी अडकली म्हणून मागच्या डब्यातला आपला गार्ड बर्ट नियमाप्रमाणे पाऊण मैल मागे जाऊन रुळांवर इशाऱ्याचे फटाके लावून आला, हे मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. कॅमेऱ्याची ढकलगाडी त्यावरून आली तेव्हा तीन बार झाले. मोजेवाले पाचही जण हात वर करून उभे राहिले. कॅमेरावाला मात्र चालू ठेवून होता. तो तुकडा फार छान आलाय, असं सगळे म्हणतात.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. कंपनीच्या सँडविचमध्ये नुसती काकडी असते, तेव्हा आम्ही फावडं धुऊन भट्टीत धरलं आणि त्यावर अंडी-बेकन परतलं. वासानं पहिल्यांदा मुख्य दरोडेखोर आला. लायनेल व्हिकरी त्याचं नाव, पडद्यावर त्याला बघून बायका किंचाळतात म्हणे. प्रत्यक्षात फार गरीब माणूस, चार अंडी खाल्ली आणि प्रत्येक अंड्यामागे आभार मानले. मग त्याच्या मागे रांग लागली. पोलीसही होता. या सुट्टीत मी आणि रेज काही वेळ इंजिनावर दोघेच होतो, एवढी नोंद ठेवा.

सुट्टीनंतर ऑकेन्डननं रेजला काढलं आणि त्याच्या जागी एक नट उभा केला. त्याचं फावडं धरणं खिरीच्या चमच्यासारखं. ते मी सहन केलं. गाडी थांबली, तीन मिनिटं झाली, तो हलेना. मी म्हणालो, "निघा." तो म्हणाला, "कुठे?" मी म्हणालो, "केबिनवर, आणि सही केल्याशिवाय येऊ नका." तो बिचारा घाबरून उतरला. त्याला वाट माहीत नव्हती म्हणून बघ्यांत उभा असलेला रेज त्याच्याबरोबर गेला.

पाचव्या खेपेला त्यांनी रेजला परत घेतलं, फायरमनला पाडायचा नाद सोडला आणि माझ्या प्रसंगाकडे वळले. फायरमन केबिनकडे गेलाच आहे, तर जाऊ दे, म्हणाले. व्हिकरीनं माझ्या मानेला पिस्तूल लावलं. लाकडी, काळा रंग दिलेलं, रंग थोडा ओला. खरं सांगतो, दाजी, त्याचे डोळे बदलले तेव्हा पिस्तूल लाकडाचं आहे हे मी विसरलो. इतका चांगला आहे तो. करड्या आवाजात म्हणाला, "गाडी पुढे घे, म्हाताऱ्या." मी म्हणालो, "सिग्नल लाल आहे." त्यानं पिस्तूल आणखी दाबलं. "पुढे घे." मी म्हणालो, "तुम्ही गोळी घाला, पण लाल आहे." मग तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, घ्या ना थोडं पुढे. त्यांना थंडी वाजतेय." मला फार वाईट वाटलं. हात ब्रेकवर होता. हात उठेना. ऑकेन्डननं सुताराला शिडीवर चढवून चारही खिळे उपटायला लावले आणि दोरीनं हात खाली केला. "आता रस्ता मोकळा आहे, टॅपस्कॉट." मी म्हणालो, "हो साहेब, पण माझा फायरमन केबिनवर आहे. तो केबिनमनचा निरोप घेऊन आल्याशिवाय मी कसा जाणार?"

ऑकेन्डन रुळावर बसला. मला वाटलं आता रडतो. त्यानं एक पेपरमिंट तोंडात टाकलं.

इथे मिस गारलँड आली. ही बाई या कंपनीत सगळं लिहून ठेवते. कोणती वस्तू कुठे होती, कोणाचं कितवं बटण उघडं होतं, किती वाजून किती मिनिटांनी काय झालं, सगळं. तुमची आणि तिची पहिल्या पाच मिनिटांत मैत्री होईल. सहाव्या खेपेला ती रेजबरोबर केबिनवर गेली, कारण फायरमन इतक्यांदा कथेतून बाहेर जातो तर तो कुठे जातो याची नोंद हवी, असं तिचं म्हणणं. परत आली ती तुमची नोंदवही दोन्ही हातांत धरून. (किल्ली जिरेनियमच्या कुंडीखालीच होती, तुम्ही ठेवायचात तशी.) ती ऑकेन्डनशेजारी रुळावर बसली आणि पानं उलटत राहिली. तुमचं अक्षर, एकही डाग नाही, एकही खाडाखोड नाही. तिनं शेवटची नोंद मोठ्यानं वाचली: "७.४२. शेवटची गाडी गेली. मार्ग मोकळा. केबिन बंद." आणि त्याखाली, त्याच अक्षरात, "कुंडीला पाणी घालणे." त्याच्याखाली ओळीनं रेजच्या सह्या.

"बंद होणाऱ्या केबिनमध्ये हे त्यांनी कुणासाठी लिहिलं?" तिनं विचारलं.

मी इंजिनावर चढून वाफेच्या गेजची काच पुसायला लागलो. वाफ फार होती, डोळ्यांत गेली.

सातव्या खेपेला ऑकेन्डन स्वतः रेजबरोबर चालत गेला. कॅमेरा नाही, काही नाही. परत यायला त्यांना तास लागला. आला तो दुसराच माणूस होऊन. म्हणाला, मी मूर्ख आहे, टॅपस्कॉट. दरोडा इंजिनावर नाहीच आहे, दरोडा त्या केबिनमध्ये आहे. ही गाडी पिस्तुलाला हलत नाही, ती एका माणसाच्या शब्दाला हलते, तेव्हा चोरांना त्या माणसाकडे जावं लागेल. चोर हे नियम शिकून आलेले असतील. फायरमन लाल सिग्नलपासून केबिनपर्यंत चालत जाईल आणि त्याच्या मागे, त्याच्याच पावलांनी, व्हिकरी. बोलणं नाही, संगीत नाही. नुसता चालणारा माणूस. "लोकांचं आइसक्रीम वितळेल," तो म्हणाला. ओव्हरकोटाशिवाय तो कुडकुडत होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. मला त्या क्षणी तो फार मोठा माणूस वाटला. आपल्या नियमाला लोक आजवर हसलेच, दाजी. त्यात जीव आहे हे पाहणारा हा पहिला.

आज सकाळपासून पाऊस आहे. सगळे दरोडेखोर वेटिंग रूममध्ये पत्ते खेळतायत आणि मी हे पत्र लिहितोय. उद्या फायरमनचं चालणं घेणार. गुरुवारी केबिन. तुमच्या प्रकृतीला जपा. ताईला सांगा की म्युरिएलनं रूबार्बचा जॅम ठेवलाय. बाकी सर्व क्षेम.

तुमचा मेहुणा,
विल्फ्रेड

ता. क. केबिनमध्ये केबिनमन लागेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कंपनीकडे उरलेला एकच नट आहे, तो खिरीच्या चमच्याचा. काल रंगीत तालमीत त्यानं सिग्नलचा दांडा फडक्याशिवाय, उघड्या हातानं धरला (घामानं गंज चढतो, हे त्याला काय ठाऊक). रेजनं डोळे मिटून घेतले. ऑकेन्डननं विचारलं, खरा माणूस कुठे राहतो? मी सांगितलं, पेंटनला, आणि तो येणार नाही. तो म्हणाला, विचारा. मी विचारतोय. बेकरीवाल्याची गाडी गुरुवारी सकाळी सातला तुमच्या दारात उभी राहील. (ती सांगून झालीय. बेकरीवाल्यानं इतर पाव बुधवारीच पोचवायचं कबूल केलंय, तेव्हा परत पाठवू नका.) तुम्ही नाही आलात तर दरोडा नाही, आणि मग ते उत्तरेकडचं काळं इंजिन.

ता. क. २. येताना स्वतःची टोपी आणा, आणि ते फडकं. दांडे धरायचं. केबिन सोडताना तुम्ही बाकी सगळं जमा केलंत आणि फडकं खिशात घालून नेलंत, हे मी पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

ता. क. ३. काम सोपं आहे. व्हिकरी पिस्तूल रोखतो आणि गाडी सोडायला सांगतो. मी ऑकेन्डनला बजावलं की आमचे दाजी सोडणार नाहीत. तो म्हणाला, मग न सोडताना दाखवू. तेव्हा तुम्हाला गोळी लागेल. मरून पडायचं आहे ते खिडकीजवळ, गुडघ्याखाली उशी ठेवतील. मग व्हिकरी स्वतः दांडा ओढेल, आणि तो चोर असल्यामुळे उघड्या हातानं ओढेल. त्या वेळी डोळे मिटलेले ठेवा, दाजी. उठू नका. मी ऑकेन्डनला म्हटलंय की तेवढ्याचीच मला भीती आहे.

ता. क. ४. पहिल्या दोन वेळा रेजचे पाय आपोआप गेले, हे देवाशपथ खरं. अंडी परतताना मात्र आमचं असं बोलणं झालं की केबिनमनशिवाय गाडी हललीच नाही, तर त्यांना केबिनमन आणावाच लागेल. पुढच्या चार खेपांचं काय ते तुम्ही ठरवा. नियम आम्ही मोडला नाही, प्रत्येक वेळी पाळलाच. हे पत्र मिस गारलँडच्या हाती लागू देऊ नका.

ता. क. ५. कुंडी जिवंत आहे. पाच फुलं आहेत. नोंदवहीत लिहिलेलं पाळायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. ऑक्टोबरपासून दर रविवारी मी प्रार्थनेला जातो असं म्युरिएल समजते. किल्ली खालीच ठेवली आहे.